चढापुरता जोर

माझा उजवा पाय आणि माझ्या बायकोचा डावा, दोन्ही पोलिओनं लहानपणीच घेतलेले. आमच्या लग्नात एक पाहुणा म्हणाला होता, "चला, दोघं मिळून एक माणूस पुरा झाला." त्याला वाटलं आपण काहीतरी चांगलं बोललो. तो पाहुणा पुढं कधी घरी आला की बायको चहाला उठायची नाही. पायाला बांधायचं कॅलिपर काढून ठेवलंय, म्हणायची.

आम्ही घनसावंगीत राहतो. तहसीलच्या समोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बायको घरी शिलाई करायची. शाळेचे गणवेश, ब्लाउज, परकर. जून महिन्यात तिच्याकडं कापडाचा एवढा ढीग असायचा की खाटेवर झोपायला जागा नसायची. मशीन ती उजव्या पायानं चालवायची. तो तिचा चांगला पाय. त्याच्यावर तिचा फार भरवसा होता. "हा एक पाय दोघांचं काम करतो," असं ती म्हणायची.

तीन-चार वर्षांमागं एकदा ती मला म्हणाली, "मशीन जड चालून राह्यली. जरा तेल टाका ना."

मी तेल टाकलं. आठ दिवसांनी परत तेच. मग मी मशीन उलटी करून साफ केली, दोरा अडकलाय का बघितलं, पट्टा नवीन टाकला. मशीन हातानं फिरवली तर लोण्यासारखी फिरत होती. मी तिला तसं सांगितलं. ती बराच वेळ पायाकडं बघत बसली. मग म्हणाली, "मंग मशीन न्हाई."

जालन्याच्या डॉक्टरनं तिला टेबलावर झोपवलं, दोन्ही पाय हलवून बघितले. जुन्या पोलिओत कधीकधी असं होतं, म्हणाला. जो पाय चांगला वाटतो तोही पुढं थकतो. व्यायाम पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस यायचं, मशीनवर बसायचं, स्नायूला कामाला लावायचं. "न्हाई केलं तर?" असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं खांदे उडवले. त्यानं हो-नाही काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर बरेचदा वाटलं.

आता घनसावंगीहून अंबड, अंबडहून जालना. जायला पन्नासच्या वर किलोमीटर, तेवढंच परत. एस.टी.ची पायरी तिला चढता येत नव्हती. शेअर जीपमध्ये बसवायला दोन माणसं लागायची, एक काखेत हात घालणार, एक पाय धरणार. रिक्षा दोनदा केली, तिथंही तेच. तिला कुणी उचललेलं आवडत नव्हतं. आवडत नव्हतं हा शब्द फार हलका आहे. लहानपणी माहेरी, आष्टीत तिला शाळेत कुणीही उचलून न्यायचं, ज्याला वेळ असेल तो. "मला पोत्यासारखं उचलायचे," ती मला एकदा म्हणाली होती, "आन् उचलणाऱ्याचा हात कुठं लागतोय हे पोत्यानं बोलायचं नसतं." एवढंच. त्याच्यापुढं ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या स्कूटरवर मात्र ती स्वतःची स्वतः बसायची. ती स्कूटर छोटी, नव्वद सीसीची, कॉलेजच्या पोरींसाठी काढलेली. मी जुनी घेतली आणि अंबडच्या एका वेल्डरकडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जास्तीची चाकं बसवून घेतली, म्हणजे पाय टेकवायची गरज नाही. सीटच्या मागं एक लोखंडी दांडा लावला होता. त्याला धरून ती बूड टेकवायची, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घ्यायची. कुणाचा हात नाही लागायचा. माझाही नाही.

पण गाडीत दम नव्हता. बाजूच्या चाकांचं आणि त्या लोखंडाचं वजन, वर आम्ही दोघं. सपाटीला पंचवीस-तीस. अंबडच्या अलीकडं चढ लागला की गाडी रडायला लागायची. मी पुढं झुकायचो, जसं काही माझ्या झुकण्यानं गाडी चढणार होती. दुसऱ्या कुणाची बायको असती तर खाली उतरून चढ पायी चढली असती. माझी कशी चढणार.

एका सकाळी त्या चढाच्या मधोमध गाडी थांबली. रेस पूर्ण दिलेली, इंजिन ओरडतंय आणि चाक हलत नाही. मग ती मागं घसरायला लागली. आमच्या मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्यांचा. मी दोन्ही ब्रेक दाबून धरले. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत राहिला, मग ओरडून काहीतरी बोलला आणि अगदी अंगाला घासून निघून गेला. उसाचं पाचट आमच्या तोंडावर लागलं. बायकोनं माझा शर्ट मागून मुठीत धरला होता. त्या दिवशी आम्ही जालन्याला गेलोच नाही. गाडी उलटी वळवली आणि घरी आलो.

घरी आल्यावर ती म्हणाली, "राहू द्या आता. न्हाई जायचं."

मी म्हणालो, "गाडीचं बघतो मी काहीतरी."

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलाच्या अलीकडं, धान्याच्या आडतींमागच्या एका बोळात एक मेकॅनिक होता. साठीच्या पुढचा माणूस, दाढी मेंदीनं लाल केलेली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. स्कूटरचं इंजिन तो कानानं तपासायचा असं मला दुकानात येणाऱ्या एकानं सांगितलं होतं. मी एकटाच गेलो. उस्तादनं माझी गाडी बोळातून एकदा पुढं नेली, एकदा मागं आणली, बंद केली आणि मला विचारलं, "कितने लोगां बैठते?"

"दोघं. मी आणि बायको. तिलाबी पायाचंच आहे."

"कहां तक जाते?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टर, तीन दिवस, चढ, ट्रॅक्टर. तो ऐकत होता आणि मध्येच इंजिनवर हात ठेवत होता, ताप बघितल्यासारखा.

"देखो भाऊ," तो म्हणाला, "ये बच्चों की गाडी है. इसको बडा पिस्टन डालता मैं, बोअर करके. कार्बोरेटर का जेट बदलता. पुली के गोळे हलके डालता, चढाव पे जोर मिलेगा. गाडी भागेगी. लेकिन एक बात बोलता, बुरा नक्को मानो. जिस्म वहीच है इसका. दम बढाया तो गरमी बी बढती. ये गरमी किधर निकलेगी?"

"मग करू नको म्हणता का?"

तो जरा थांबला. नंतर त्या थांबण्याची मला फार आठवण यायची. मग तो म्हणाला, "करता मैं. पण मेरी बात माननी पडेगी. हर पंधरा किलोमीटर पे दस मिनट गाडी बंद. धूप में बिलकुल खींचना नहीं."

मी कबूल केलं. त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

आठ दिवस गाडी त्याच्याकडं होती. मी दोनदा जीपनं जाऊन बघून आलो. इंजिन उघडलेलं बघायची माझी पहिलीच वेळ. माझ्या तळहातात मावेल एवढा तो जुना पिस्टन, काळवंडलेला, एका वर्तमानपत्रावर ठेवला होता. इतकी वर्षं हा एवढासा तुकडा आम्हा दोघांना ओढत होता. सिलिंडर खरादवाल्याकडून आतून मोठा करून आणला होता. त्याला आतून बोट लावलं तर काचेसारखं गुळगुळीत. उस्ताद म्हणाला, "अब ये वापस छोटा नहीं होता, हां. सोच के आए ना?" मी हसलो. त्यात विचार कसला करायचा, असं मला वाटलं.

गाडी घरी आणली त्या दिवशी बायको दारातच उभी होती, चौकटीला धरून. आवाज बदलला होता. आधी किरकिरा होता, आता जाड, छातीतून आल्यासारखा. ती म्हणाली, "ही आपलीच हाये का?"

पहिले काही दिवस उस्तादनं सांगितल्याप्रमाणं हळू चालवली. मग एका सकाळी आम्ही जालन्याला निघालो. चढ जवळ आला. मी सवयीनं पुढं झुकलो. गाडी वेग कमी न करता चढायला लागली. मी सरळ बसलो. अर्ध्यात आम्ही एका म्हाताऱ्याच्या मोपेडला मागं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी ओव्हरटेक केलं असेल. माथ्यावर पोचल्यावर बायकोनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "थांबा. बंद करा. दहा मिनिटं." उस्तादचा नियम तिनं माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवला होता. आम्ही लिंबाखाली गाडी लावली. तिनं मागं वळून चढ खालपर्यंत बघितला, आणि तिच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण ते मी आधी बघितलं नव्हतं.

ते दोन-अडीच महिने चांगले गेले. आठवड्यातून तीन दिवस मी दुकान बंद ठेवायचो. सकाळी सहाला निघायचं, नऊच्या आत जालना, तिचा व्यायाम, बाराच्या आत परत अंबडच्या पुढं. दवाखान्यात तिला एका मशीनवर बसवायचे, पायाला वजन बांधायचे. ती दात दाबून करायची. घरी आली की पाय थरथरायचा, संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, थरथरतंय म्हणजे काम होतंय. आम्हालाही तसंच वाटायचं. दुखतंय म्हणजे फरक पडतोय, असं आपल्याकडं सगळेच मानतात.

एका रविवारी ती म्हणाली, "आष्टीला जाऊ." दोन वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. आम्ही कुणाला न कळवता निघालो. सासूबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली नाही, दुसऱ्या कुणाची तरी गाडी वाटली त्यांना. बायको दांडा धरून, पाय बाहेर काढून, कुबडी टेकवून स्वतःची स्वतः उतरली आणि म्हणाली, "आई, पाणी देती का?" सासूबाई सूप टाकून धावत आल्या आणि तिला उचलायला हात पुढं केले. तिनं ते बाजूला केले. "मी आले ना. आपली आपण आले."

तेवढा एक रविवार.

आता वैशाखाचं सांगतो. उन्हं वाढली होती. मी बायकोला म्हटलं होतं, उन्हाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदाच जाऊ. ती नको म्हणाली. मध्ये खंड पडला तर केलेलं वाया जाईल, असं व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर उशिरा आला. आम्ही निघालो तेव्हा साडेबारा वाजले होते.

प्रवासाच्या दिवशी बायको पाणी प्यायची नाही. सकाळी एक घोट, मग घरी येईपर्यंत काही नाही. कारण सरळ होतं. जालन्यापासून घनसावंगीपर्यंत तिला बसता येईल असा एकही संडास नव्हता. दवाखान्यातला होता तो दोन पायऱ्या उतरून, आणि आत धरायला काही नाही. पण त्या दिवशी उकाड्यानं तिला चक्कर आल्यासारखं झालं, आणि बाईंनी तिला बळंच दोन ग्लास पाणी आणि सरबत पाजलं.

अंबडला मी गाडी थांबवली. दहा मिनिटं झाली नाहीत तोच ती म्हणाली, "चला ना."

"थंड होऊ दे जरा."

"मला जायचंय," ती हळू म्हणाली. "जरा जल्दी घ्या."

तिनं तोंड दुसरीकडं केलं होतं. मला कळलं. अंबडमध्ये कुणाच्या घरी विचारावं का, असं मनात आलं. पण कुणाच्या? आणि तिथंही पायऱ्या, आणि तिथंही धरणारं कुणीतरी. अठ्ठावीस-तीस किलोमीटर तर राहिलं होतं. मी गाडी चालू केली. पन्नासच्या खाली मी येऊ दिली नाही. डांबर वितळून चाकाला चिकटत होतं. पंधरा किलोमीटर झाले तेव्हा मी मनात म्हटलं, आता थांबायला पाहिजे. थांबलो नाही. मला आठवतंय, मी मीटरकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

मग इंजिनचा आवाज कोरडा झाला. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. रेस वाढवली तर गाडी मागून कुणी धरल्यासारखी झाली. आतून एक खरखर आली आणि सगळं बंद पडलं. उतार होता म्हणून शे-दोनशे फूट गाडी तशीच गेली, मग थांबली. किक मारायला गेलो तर किक दगडासारखी. इंजिन जाम झालं होतं.

दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी रानं. पऱ्हाट्या उपटून झालेल्या. झाड दिसत होतं ते दोन शेतांपलीकडं. मी माझ्या एका पायावर उभा राहून तिच्या डोक्यावर तिच्याच ओढणीची सावली धरली. मोबाइलला रेंज येत-जात होती. ओळखीच्या एकाला लागला, तो परतूरला होता. गाड्या जात होत्या. मी हात करत होतो. दोन मोटारसायकली थांबल्या, पण त्यांच्यावर ती बसू शकणार नव्हती. "पाठवतो कुणाला तरी," म्हणून ते गेले.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग तिनं डोळे मिटले. मला आधी वाटलं, परत चक्कर आली. मग सीटवरून खाली, पाय ठेवायच्या जागेवर आणि तिथून डांबरावर ओल गेलेली दिसली. उन्हात ती लगेच वाळायला लागली. मी ओढणी तशीच धरून उभा राहिलो. काही नाही झालं असं म्हणावं, तर झालं होतं.

त्यानंतर दहा मिनिटांत पिकअप आली. दहाच मिनिटांत. खताची पोती उतरवून परत चाललेली, तिघं जण होते. चांगली माणसं होती, त्यांना मी दोष देणार नाही. त्यातला एक म्हणाला, "ताई, घाबरू नका," आणि खाली उडी मारून सरळ तिच्या काखेत हात घातले. दुसऱ्यानं पाय धरले. त्याच्या हाताला ओल लागली. त्यानं हात आपल्या पँटला पुसला. मुद्दाम नाही, सहज, जसं कुणीही पुसेल. तिनं ते बघितलं. मी बघितलं की तिनं बघितलं.

मागं खताच्या वासात, उरलेल्या दोन पोत्यांना टेकवून तिला बसवलं. स्कूटर तिच्या शेजारी आडवी टाकली. घरापर्यंत ती त्या स्कूटरच्या चाकाकडं बघत होती. घरी उतरवताना परत तेच हात. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या होत्या.

त्या दिवशी अंघोळ झाल्यावर ती एवढंच बोलली: "आता बस."

मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मी गाडी टेम्पोत घालून उस्तादकडं नेली. त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, नखानं बोचकारल्यासारखे, आणि एका बाजूनं धातू वितळून पसरला होता. उस्तादनं तो माझ्या हातात दिला नाही, स्वतःच फडक्यात गुंडाळला.

"थांबलो नाही मी," मी म्हणालो.

"मालूम है," तो म्हणाला. मग बराच वेळ पाना शोधत राहिला. "मेरी बी गलती है भाऊ. उस दिन मना करना था तुमको. मेरे को लगा, बीमार आदमी का काम है, सवाब मिलेगा, पुण्य."

जुना छोटा पिस्टन परत बसवता येईल का, मी विचारलं. त्यानं मान हलवली. सिलिंडर एकदा मोठा झाला की आता आणखी मोठाच होणार. त्यानं आणखी एक माप पुढचा पिस्टन टाकला, गोळे परत जड टाकले, तेलाची सोय सुधारली. या वेळी त्यानं काम फार मन लावून केलं. गाडी पहिल्यापेक्षा चांगली झाली, हे मला सांगायलाच पाहिजे. ती आजही तशीच चालते.

पण बायको तिच्यावर बसली नाही. मी सांगून बघितलं, समजावून बघितलं, एकदा चिडलोसुद्धा. वाटेत ज्यांच्या घरी सोय होईल अशी दोन घरं मी शोधून आलो होतो, तिथल्या बायांशी बोलून आलो होतो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "चार गावांत सांगून आलात का, माझ्या बायकोला लघवीला लागते म्हणून?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ती बुद्ध विहारातही जायची बंद झाली. पौर्णिमेला गल्लीतल्या बाया बोलवायला यायच्या. पाय दुखतो, म्हणायची. सासूबाई दोनदा येऊन राहून गेल्या. पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. त्या जूनमध्येच शाळांचे गणवेश तिनं घेतले नव्हते. पाय तर थकलाच होता, नंतर हातही दुखायला लागले. कुबडी धरून धरून खांदे गेले असतील, असं आम्हाला वाटलं. कात्री धरली की बोटं उघडायची नाहीत.

हिवाळ्यात तिचं चालणं बंद झालं आणि श्वासाचा त्रास सुरू झाला. आडवी झोपली की घाबरी व्हायची. तेव्हा तिच्या मावसभावाच्या गाडीतून संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या वेळी तिला उचललं तेव्हा ती काही बोलली नाही, आणि हे मला तिच्या श्वासापेक्षा जास्त भीतीचं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारलं. पहिल्यापासून. जालन्याचा व्यायाम ऐकला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"किती दिवस केलं हे? वजन बांधून?"

"दोन-अडीच महिने."

"पाय थरथरायचा का नंतर?"

"हो. संध्याकाळपर्यंत."

त्या म्हणाल्या, अशा स्नायूंना इतकं ओढायचं नसतं. यांच्यात जेवढं शिल्लक असतं तेवढं जपून वापरायचं असतं. थकवा येईल असा व्यायाम यांना चालत नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. व्यायाम केला नसता तर आज ती चालत असती का, असं मी विचारलं. ते कुणीच सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. बहुतेक एवढ्या लवकर हे झालं नसतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या.

परत येताना मी पुढं बसलो होतो. तेच अंबड, तोच रस्ता. मी हिशोब करत होतो की या रस्त्यावर आम्ही किती वेळा आलो-गेलो असू, आणि मग हिशोब करणं सोडून दिलं.

ते मी तिला सांगितलं नाही. महिना-दीड महिना सांगितलं नाही. पण मला एक गोष्ट माहीत नव्हती. खाटेच्या पायथ्याला तिनं एक लाल रबराची पट्टी बांधून घेतली होती, सासूबाईंकडून. मी दुकानात गेलो की ती पाय त्या पट्टीत अडकवून ओढायची. दवाखान्यात शिकवलं होतं तसं, मोजून. गाडीवर बसणं तिनं सोडलं होतं, बरं होणं सोडलं नव्हतं. मी एका दुपारी जेवायला लवकर आलो तेव्हा ती घामानं भिजलेली होती आणि तोंडानं आकडे मोजत होती.

"हे बंद कर," मी म्हणालो.

"का? खर्चा येतो का याला?"

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"मला न्हाई म्हणाल्या."

"मला म्हणाल्या."

मग सांगावंच लागलं. मी भिंतीला धरून उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहिल्या दवाखान्यात जे केलं ते करायला नको होतं, हेही. ती ऐकत होती. पंखा चालू होता, बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"मंग आपण एवढं जायचो ते?" तिनं विचारलं. "आन् गाडीला जे केलं ते? आन् त्या दिवशीचं?"

मी म्हणालो, "मला न्हाई माहीत."

तिनं पाय पट्टीतून काढायचा प्रयत्न केला. निघेना. मी जवळ बसलो आणि टाच धरून तिचा पाय बाहेर घेतला. तिनं मला धरू दिलं. पाय फार हलका झाला होता.

"तुमच्यावर राग न्हाई माझा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण चांगलं होईल असं परत मला कधी सांगू नका."

मी बरं म्हणालो. मग भाजी गरम करायला उठलो.